पत्रक पाठवलं, पुढे काय?

समाजमाध्यमांमुळे जनसंपर्काच्या कामात काय काय बदललं, यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत एक तक्रार समान होती : साधनं नवी आली, पण कार्यालयातली सह्यांची साखळी जुनीच राहिली. त्यामुळे ती उत्तरांतही पुन्हा पुन्हा डोकावेल.

प्रश्न : दर वेळी साठ-सत्तर पत्रकारांना मेलने प्रसिद्धिपत्रक पाठवतो. नंतर फोन केला की ‘मेल आलाच नाही’ म्हणतात. खरंच जात नाही, की टाळतात?

उत्तर : थोडं हे, थोडं ते. आधी ‘जात नाही’ची बाजू तपासा, कारण ती तुमच्या हातातली आहे. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून ठोक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याच्या डोमेनला, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाला, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही मेल खरंच तिथूनच आल्याचं पटवणारी तिन्ही ओळखपत्रं लागतात, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. तुमची यादी सत्तरांची असली, तरी ओळखपत्र नसलेल्या डोमेनकडे फिल्टर संशयानेच बघतो. कार्यालयाच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, तो संगणकावर उघडा आणि तीन ठिपक्यांच्या मेनूतलं ‘शो ओरिजिनल’ दाबा. वरच्या तक्त्यात तिन्ही नावांपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे. एखादी ओळ गायब असेल तर डोमेन सांभाळणाऱ्याला दाखवा. डीएनएसच्या, म्हणजे डोमेनची माहिती ठेवणाऱ्या यादीच्या, नोंदींत दोन-तीन ओळी भरायचं ते काम आहे.

आता ‘टाळतात’ची बाजू. विषयाच्या ओळीत ‘प्रसिद्धीसाठी सविनय सादर’ असं लिहिलेलं असतं. मोबाईलवर विषयाची पहिली पस्तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, ती अशी वाया जातात. तिथे बातमीचा मथळा लिहा. पत्रकाचा मजकूर मेलमध्येच चिकटवा, आणि तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईल-संगणकावर सारखाच दिसणाऱ्या लिपीत, असू द्या. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर समोरच्याकडे अगम्य चिन्हांच्या रांगा होऊन पोहोचतो, आणि तो पुन्हा टाईप करत बसायला कुणाला वेळ नसतो. फोटोंसाठी लिंक द्यायची असेल तर ती ‘लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल’ अशी ठेवा. रात्री नऊला डेस्कवरचा उपसंपादक लिंक दाबतो, ‘परवानगी मागा’ असा फलक येतो, तुमचं कार्यालय सहालाच बंद झालेलं असतं आणि तो पुढच्या पत्रकाकडे वळतो. हे इतक्या वेळा घडतं की लिंक पाठवण्याआधी ती ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून बघायची सवयच लावून घ्या. फाईलचं नावही ‘आयएमजी ४०३२’ ठेवू नका. कार्यक्रम, तारीख आणि फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे अशी फोटोओळ सोबत द्या. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईला निकामी होतो.

प्रश्न : मोठी घोषणा आधी पत्रकारांना द्यायची की थेट आपल्या पानावर टाकायची? पत्रकार रुसतात.

उत्तर : कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर हा रुसव्याफुगव्याचा नव्हे, कायद्याचा प्रश्न आहे. जुलै २०१२ मध्ये नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी आपल्या फेसबुक पानावर लिहिलं की जूनमध्ये प्रेक्षकांनी १ अब्ज तासांहून जास्त वेळ कार्यक्रम पाहिले. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने त्याची चौकशी केली. एप्रिल २०१३ मध्ये त्याने स्पष्ट केलं की समाजमाध्यमावर माहिती जाहीर करता येईल. मात्र आपण कुठल्या खात्यावर बोलणार आहोत, हे गुंतवणूकदारांना आधी सांगितलेलं हवं. तुमच्याकडचा नियम तुमच्या कंपनी सचिवांना विचारा, आणि तोंडी नको, लेखी विचारा.

इतरांसाठी सोयीचा क्रम असा : संस्थेच्या संकेतस्थळावर पान तयार करून ठेवायचं, ठरल्या वेळी ते खुलं करायचं, त्याच मिनिटाला कर्मचाऱ्यांना आणि पत्रकारांना मेल, आणि पाच-दहा मिनिटांनी समाजमाध्यमावर त्या पानाची लिंक. कर्मचाऱ्यांना बातमी बाहेरून कळली की त्यांच्याच ग्रुपवर अफवा सुरू होतात. लिंक टाकल्यावर खाली दिसणारं चित्र आणि मथळा आधी तपासा. १२०० बाय ६३० पिक्सेलचं चित्र बहुतेक ठिकाणी नीट बसतं. मथळ्यात चूक राहिली आणि लिंक एकदा पोस्ट झाली, तर पान दुरुस्त करूनही जुनाच मथळा दिसत राहतो, कारण त्या मंचाने त्याची प्रत साठवून ठेवलेली असते. फेसबुकच्या ‘शेअरिंग डीबगर’मध्ये ती लिंक पुन्हा वाचायला लावता येते. व्हॉट्सअॅपवर आधीच पुढे गेलेल्या संदेशात मात्र चूक तशीच राहते.

पत्रकारांना आधी द्यायचंच असेल तर ‘अमुक वेळेआधी प्रसिद्ध करू नये’ ही अट मेलच्या पहिल्या ओळीत हवी, तारीख-वेळेसह, आणि समोरच्याने ‘मान्य’ म्हटल्यावरच मजकूर जावा. न विचारता पाठवलेल्या मजकुराला अशी अट जोडली, तरी ती पाळायला तो बांधील नाही.

प्रश्न : एका ग्राहकाने आमच्या कर्मचाऱ्याच्या गैरवर्तनाचा व्हिडिओ टाकला आणि तो दोन तासांत सगळीकडे पोहोचला. आमचा खुलासा तीन सह्या होऊन दुसऱ्या दिवशी गेला. किती वेळात बोलायला हवं होतं?

उत्तर : पहिले दोन शब्द तासाभरात. सगळं स्पष्टीकरण तासाभरात देणं कुणालाच जमत नाही, आणि घाईत दिलेलं बहुधा मागे घ्यावं लागतं. म्हणून दोन पायऱ्या करायच्या. तासाभरात छोटं निवेदन, आणि सविस्तर खुलासा त्याच निवेदनात सांगितलेल्या वेळी.

एप्रिल २००९ मध्ये डॉमिनोजच्या दोन कर्मचाऱ्यांनी स्वयंपाकघरातला किळसवाणा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. आपण जाहीर बोललो तर ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल, असं कंपनीला सुरुवातीला वाटलं. तोवर व्हिडिओ दहा लाखांच्या वर पाहिला गेला, आणि दोन दिवसांनी कंपनीच्या अध्यक्षांना त्याच यूट्यूबवर येऊन माफी मागावी लागली. तो हिशोब वर्तमानपत्राच्या काळातला होता. तेव्हा गप्प राहिल्याने बातमी कधी कधी विरून जायची. आता मात्र लोक तुमच्या पानावर येऊन ‘काहीच बोलत नाहीत’ असं लिहितात, आणि बातमी त्याचीच होते.

उलट बाजूही बघा. एप्रिल २०१७ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला ओढत बाहेर काढल्याची दृश्यं पसरली. दुसऱ्याच दिवशी प्रमुखांचं निवेदन आलं, म्हणजे उशीर झाला नव्हता. पण त्यात ‘प्रवाशांची अन्य व्यवस्था’ करावी लागल्याबद्दल दिलगिरी होती. कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्याच प्रवाशाला दोष दिला होता, आणि ते पत्र त्याच दिवशी बाहेर आलं. खरी माफी तिसऱ्या दिवशी, ११ एप्रिलला आली. तेव्हा वेळ पाळून भागत नाही. लोकांनी डोळ्यांनी जे पाहिलं त्याला वेगळं नाव दिलं की राग दुप्पट होतो. आणि कार्यालयातला अंतर्गत मेल हा आता अंतर्गत राहत नाही, असं धरूनच लिहायचा.

तासाभरात करायच्या गोष्टी. मूळ पोस्टचा पत्ता, वेळ आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, ती नंतर काढली गेली तरी नोंद राहील. पुढच्या दोन दिवसांच्या आधीच ठरवून ठेवलेल्या पोस्ट थांबवा. माफीनाम्याखाली सणाची सवलत झळकली की त्याचा स्क्रीनशॉट वर्षभर फिरतो. व्हिडिओ तुमच्याकडचाच, अलीकडचाच आहे का, याची खातरजमा करा. ग्राहकाला फोन करा, संदेश नको. मग निवेदन टाका, आणि तेही जिथे आग लागली तिथेच. व्हिडिओ इन्स्टाग्रामवर पसरला असताना खुलासा संकेतस्थळाच्या कोपऱ्यात ठेवणं म्हणजे न देण्यासारखंच. निवेदन साधारण असं :

‘आज दुपारपासून फिरणारा व्हिडिओ आमच्याच सेवा केंद्रातला आहे. त्यातलं वागणं चुकीचं आहे. संबंधित ग्राहकाशी आम्ही बोललो आहोत आणि त्यांची माफी मागितली आहे. नेमकं काय घडलं ते तपासून आज संध्याकाळी ७ वाजता इथेच सांगू.’

यात ‘काही गैरसोय झाली असल्यास’ नाही, ‘आमच्या दीर्घ परंपरेनुसार’ नाही. सात वाजता चौकशी अपुरी असली तरी सात वाजताच तसं सांगायचं आणि पुढची वेळ द्यायची. सातचे साडेआठ झाले की मघाची माफीही खोटी वाटू लागते.

राहिल्या तीन सह्या. त्या काढून टाका असं आम्ही म्हणणार नाही, कारण कुणी ऐकणार नाही. पण एकामागून एक होणाऱ्या सह्या एकाच वेळी घेता येतात : तिघांचा एक ग्रुप, एकच मसुदा, २० मिनिटं. वकिलांनी भाषा सुधारायची नाही. दोष आणि भरपाई यांबद्दलची वाक्यंच तेवढी बघायची. तिघांपैकी एक जण प्रवासात असेल तर त्याच्या जागी कोण, हे नाव आधीच लेखी ठरलेलं हवं. त्याहून उत्तम म्हणजे शांत दिवशी बसून आपल्या संस्थेत काय काय बिघडू शकतं याची आठ-दहा प्रसंगांची यादी करा : अपघात, माहितीची चोरी, कर्मचाऱ्याचं वर्तन, सेवा बंद पडणं. प्रत्येकासाठी रिकाम्या जागा सोडलेलं निवेदन लिहून त्यावर सह्या आजच घेऊन ठेवा. प्रसंगाच्या दिवशी फक्त वेळ आणि ठिकाण भरायचं.

प्रश्न : पानावर आलेल्या वाईट कमेंट काढून टाकाव्यात का? आमचे वरिष्ठ तर थेट नोटीस पाठवा म्हणतात.

उत्तर : शिवीगाळ, धमकी, कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता असेल तर काढा, आणि तसा नियम पानावर लिहून ठेवा. तक्रार कडवट असली तरी राहू द्या. काढलेल्या तक्रारीचा स्क्रीनशॉट परत येतो, आणि येताना ‘यांनी दडपलं’ हे शेपूट लावून येतो.

नोटिशीबद्दल वरिष्ठांना २००३ ची गोष्ट सांगा. गायिका बार्बरा स्ट्रायसँड यांनी समुद्रकिनाऱ्याच्या हवाई छायाचित्रांतलं आपल्या घराचं चित्र काढून टाकावं म्हणून ५ कोटी डॉलरचा दावा लावला. दाव्याआधी ते चित्र सहा वेळा डाउनलोड झालं होतं, त्यातले दोन डाउनलोड त्यांच्याच वकिलांचे. दाव्याची बातमी झाल्यावर महिनाभरात ४ लाखांहून अधिक लोकांनी त्या संकेतस्थळाला भेट दिली. दडपायला गेल्याने बोभाटा होण्याला आज त्यांच्याच नावाने ओळखतात.

प्रश्न : पूर्वी कात्रणवही दाखवली की काम झालं असं मानलं जायचं. आता संचालक विचारतात, ‘एवढ्या जागेत जाहिरात दिली असती तर किती खर्च आला असता, तो आकडा द्या.’ द्यावा का?

उत्तर : देऊ नका. स्तंभ-सेंटीमीटर मोजून त्याला जाहिरातीच्या दराने गुणायचं, हा हिशोब जनसंपर्काचं मोजमाप करणाऱ्यांनीच २०१० मध्ये बार्सिलोनात ठरवलेल्या तत्त्वांत निकालात काढला. तुमच्यावर टीका करणारी अर्ध्या पानाची बातमीसुद्धा त्या हिशोबात ‘नफा’ म्हणून दिसते, एवढं सांगितलं तरी संचालकांना पटेल.

पण त्याच्या जागी ‘व्ह्यूज’चा आकडा देऊ लागलात तर आगीतून फुफाट्यात. व्ह्यू म्हणजे काय, हे प्रत्येक मंच आपापलं ठरवतो. फेसबुकवर अनेक वर्षं ३ सेकंदांचा निकष होता. यूट्यूबच्या शॉर्ट्समध्ये (छोट्या उभ्या व्हिडिओंमध्ये) ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किमान वेळेची अटच नाही. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच आलेखात दाखवले, तर न केलेल्या कामाची शाबासकी मिळेल.

टक्केवारीतही हातचलाखी चालते. समजा रक्तदान शिबिराची पोस्ट ४०,००० लोकांपर्यंत पोहोचली, ९०० जणांनी प्रतिसाद दिला, ३२० जणांनी लिंक दाबली आणि ४८ जणांनी नाव नोंदवलं. पानाचे फॉलोअर १२,००० आहेत. प्रतिसादाला फॉलोअरनी भागलं तर ७.५ टक्के येतात, पोहोचलेल्या लोकांनी भागलं तर २.२५ टक्के. दोन्ही ‘एंगेजमेंट रेट’, म्हणजे प्रतिसादाचं प्रमाण, म्हणूनच सादर होतात. कुठलाही एक घ्या, पण वर्षभर तोच ठेवा आणि भागाकार खाली लिहा. संचालकांना मात्र ४८ हा आकडा द्या : लिंक दाबणाऱ्या ३२० पैकी १५ टक्के लोकांनी नाव नोंदवलं. हा कमी असेल तर पोस्ट नव्हे, नोंदणीचा फॉर्म बघा. बहुधा तो मोबाईलवर नीट उघडत नसतो.

हे ४८ जण कुठून आले ते कळण्यासाठी प्रत्येक ठिकाणच्या लिंकला वेगळं यूटीएम शेपूट, म्हणजे दाबणारा कुठून आला ते सांगणारी खूण, लावा : स्रोत, माध्यम, मोहीम. नावं लहान लिपीतच लिहा. एकाने फेसबुकचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत आणि दुसऱ्याने लहान लिपीत लिहिलं, तर अहवालात ते दोन वेगळे स्रोत होतात. व्हॉट्सअॅपवरून लिंक दाबणारे बहुधा ‘डायरेक्ट’ (स्रोत न कळलेले) या रकान्यात जाऊन बसतात. तो रकाना अचानक फुगला तर बातमी खासगी ग्रुपांत फिरतेय असं समजा. ग्रुपसाठी वेगळी लिंक केलीत तर तेवढा भाग तरी पकडता येतो.

प्रश्न : समाजमाध्यमांवर आपल्याबद्दल लोक काय बोलतात ते टिपणारं महागडं ‘सोशल लिसनिंग’ सॉफ्टवेअर घेतलं. ते म्हणतं ८२ टक्के उल्लेख चांगले आहेत. फोनवर मात्र तक्रारींचा पूर. कोण खोटं बोलतंय?

उत्तर : ‘वा! तीन तास फोन धरून ठेवला, काय तत्पर सेवा!’ हे वाक्य यंत्राला बहुधा कौतुक वाटतं. मराठीत टोमणा हा तक्रारीचा नेहमीचा प्रकार, त्यात मराठी रोमन अक्षरांत लिहिलेली, मध्ये हिंदी-इंग्रजीची मिसळ. यंत्र गोंधळणारच. महिन्यातून एकदा २०० उल्लेख चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडा आणि दोघांनी एकमेकांचं न बघता त्यांवर चांगला, वाईट, तटस्थ अशा खुणा करा. दोघांचंच ४०-५० ठिकाणी जमत नसेल तर आधी तुमची व्याख्या सुधारा. जमत असेल तर त्याच २०० वर यंत्राने काय म्हटलंय ते ताडून पाहा. त्या आकड्यावर किती विसंबायचं ते कळेल.

दुसरी गळती शोधशब्दांत असते. संस्थेचं नाव देवनागरीत, रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंगनी, न तोडता हॅशटॅगसारखं, आणि लोक ज्या टोपणनावाने ओळखतात तेही, असं सगळं घाला. नाव ‘प्रगती’सारखं रोजच्या वापरातलं असेल तर सोबत व्यवसायाचा शब्द जोडा, नाहीतर पाल्याच्या प्रगतिपुस्तकाचे फोटोही अहवालात येतील. खासगी ग्रुपांतलं बोलणं यांपैकी कुठल्याच यंत्राला दिसत नाही. ते ग्राहक सेवेच्या फोनवर उमटतं, म्हणून त्या टेबलाजवळची नोंदवही रोज सकाळी वाचा. आमच्या मते ती सॉफ्टवेअरपेक्षा अर्धा दिवस पुढे असते.

प्रश्न : आमच्या खात्याचा पासवर्ड सात जणांकडे आहे, दोघांनी नोकरी सोडली. धोका कितपत?

उत्तर : २३ एप्रिल २०१३ ला असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या ट्विटर खात्यावरून व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याची खोटी बातमी गेली. अमेरिकेचा डाऊ निर्देशांक काही मिनिटांत शंभराहून अधिक अंशांनी कोसळून पुन्हा सावरला. जानेवारी २०२४ मध्ये वर उल्लेख केलेल्या शेअर बाजार नियामकाचंच एक्स खातं बळकावून बिटकॉइनबद्दल खोटी घोषणा झाली. चोराने खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक दुसऱ्या सिमवर वळवून घेतला होता. दोन टप्प्यांची पडताळणी लॉगिनला अडचण होते म्हणून सहा महिने आधी बंद करून घेतली होती, ती पुन्हा चालू केलीच नव्हती.

म्हणून आजच : पासवर्ड बदला, ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हे दाबा, पडताळणी एसएमएसने नको, ऑथेंटिकेटर अॅपने (फोनवरच दर वेळी नवा कोड बनवणाऱ्या) लावा. खातं संस्थेच्या मेलवर असू द्या, कुणाच्या खासगी मेलवर नको. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पासवर्ड न वाटता प्रत्येकाला त्याच्या कामापुरता अधिकार देता येतो, तो द्या. फोन हरवला तर खात्यात शिरायला लागणारे राखीव कोड छापून बंद पाकिटात ठेवा, आणि ते पाकीट कुठे आहे हे दोन माणसांना माहीत असू द्या.

प्रश्न : पत्रक एआयकडून लिहून घेतलं तर चालेल का?

उत्तर : मसुदा, मथळ्याचे दहा पर्याय, व्हिडिओच्या उपशीर्षकांचा पहिला खर्डा, चालेल. अध्यक्षांच्या तोंडचं वाक्य मात्र नको. यंत्र ते झकास बनवून देतं, अध्यक्ष ते कधीच बोललेले नसतात आणि पत्रकाराने त्यावर उपप्रश्न विचारला की पंचाईत होते. जाहीर न झालेले आकडे मोफत सेवांमध्ये चिकटवू नका. आणि बाहेर पडलेल्या मसुद्यातलं प्रत्येक नाव, हुद्दा, तारीख व रक्कम मूळ कागदाशी बोट ठेवून ताडा. तपासणाऱ्याची सही त्याच कागदावर घ्या. ही चौथी सही आम्ही आनंदाने सुचवतो.